उन्हातली शर्यत, अंगातलं पाणी

रिओ ऑलिम्पिकची महिला मॅरेथॉन, १४ ऑगस्ट २०१६. अंतर ४२ किलोमीटरहून जास्त, ऊन कडक. भारताच्या दोघी धावत होत्या: केरळची ओ. पी. जैशा आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातली ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ कविता राऊत. जैशाचा आदल्या वर्षीचा राष्ट्रीय विक्रम २ तास ३४ मिनिटांचा. रिओत तिला २ तास ४७ मिनिटं लागली आणि रेषा ओलांडल्यावर ती कोसळली. सलाईन लावावी लागली. वाटेत भारताच्या टेबलावर पाणी नव्हतं, असं ती म्हणाली. महासंघाने ते नाकारलं. कोण खरं, हे शरीर विचारत बसत नाही. कवितालाही जवळजवळ तीन तास लागले.

मुकुंदवाडीत पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं १६०० मीटर पळतात, मुली ८००. एवढ्याला वाटेत पाणी लागत नाही. पण रात्रपाळी करून, उपाशीपोटी, तासभर उन्हात रांगेत उभं राहून पळालं, तर तेवढ्यातही भोवळ येते. म्हणून रांगेत असतानाच घोट घोट पाणी प्या. दहा किलोमीटर किंवा त्याहून लांब पळणार असाल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालून बाटली सोबत ठेवा. नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं, तेही घातक.

चक्कर, मळमळ, उन्हातही अंगावर काटा आला, की थांबा, नंबर गेला तरी. कुणी बरळू लागला तर तोंडात पाणी ओतू नका. सावलीत आडवं करा, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा.