चार हात परसातली ऐसपैस बाग

ऑगस्ट १९४२ मध्ये पंडित नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल आदी काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना नगरच्या किल्ल्यात आणून कैदेत ठेवले, ते मार्च १९४५ पर्यंत. भोवती भिंती, मध्ये अंगण आणि वर दिसेल तेवढे आभाळ. त्या अंगणात नेहरूंनी बागकाम आरंभले. जमीन कसली, जुन्या बांधकामाचा राडारोडाच तो! खणावे तो खाली पुरातन भिंती लागत. याच किल्ल्यात १९४४ साली लिहिलेल्या ‘भारताचा शोध’ या ग्रंथात त्यांनी हे सांगितले आहे. ज्यांना भिंतीपलीकडे पाऊल टाकायची मुभा नव्हती, त्यांना तेवढ्याच जागेत रोज काही नवे पाहायला मिळू लागले असणार.

आपल्या परसाला कुणी कुलूप घातलेले नाही. पण गावठाणातल्या घरामागे, शाळेच्या खोल्यांच्या आडोशाला जागा मिळते ती अशीच, भिंतींत अडकलेली. समजा, ती १५ फूट रुंद आणि २० फूट लांब आहे. आपण तिथे काय करतो? मधोमध पेरू लावतो, शेजारी लिंबू, आणि हात पोचेल तिथे एकेक रोप. दोन वर्षांत पाय ठेवायला जागा उरत नाही. मग गुरुजी मुलांना ‘बागेत जाऊ नका’ म्हणून दटावतात. ज्या बागेत शिरता येत नाही तिकडे कुणी फिरकत नाही, आणि कुणी फिरकले नाही की घागरभर पाणीही तिकडे जात नाही. आपला जिल्हा, अकोल्याकडचा डोंगराळ भाग सोडला, तर बहुतेक कमी पावसाचा. चैत्र-वैशाखात अशी बाग वाळून जाते. म्हणून जागा मोकळी वाटणे ही केवळ हौसेची बाब नव्हे.

तेव्हा पहिली गोष्ट, मध्य रिकामा सोडा. झाडे कडेने लावा. भिंतीलगत उंच, त्यापुढे बुटकी, अगदी पुढे पालेभाजीचा वाफा. कारले, घोसाळे, वाल यांना भिंतीवर चढवा. ती जमीन फारशी अडवीत नाहीत आणि उघडी भिंतही झाकतात. भिंत जिथे संपते ते दिसले नाही, म्हणजे जागा तिथे संपली असे डोळा धरीत नाही.

दुसरी गोष्ट वाटेची. दारापासून नाकासमोर वाट काढली तर ती २० फुटांत संपते. तीच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याकडे तिरपी काढा, २५ फूट भरेल. शिक्षक मित्रहो, कर्णाचा नियम फळ्यावर शिकवण्यापेक्षा इथे दोरी धरून शिकवा. गवंडी गुण्या जुळवताना जे ३-४-५ धरतो, तेच हे, पाचपट केलेले. आणखी एक गंमत करता येते. वाट अलीकडे ३ फूट रुंद ठेवा आणि पलीकडच्या टोकाला २ फूट. लांबचा रस्ता निमुळता दिसतो, हे डोळ्याला ठाऊक असते. तो फसतो. वाटेच्या मध्यावर दोडक्याचा लहानसा मांडव घातला, तर मांडवापलीकडे काय आहे ते चालत गेल्याशिवाय कळत नाही. मुलांना हे फार आवडते.

रंगांचेही तसेच. अकोल्याकडून कळसूबाईचा डोंगर पाहिलात तर तो निळसर दिसतो. मधल्या हवेतून निळा प्रकाश विखुरतो, म्हणून दूरचे ते निळे, अशी आपल्या नजरेची सवय झालेली असते. म्हणून झेंडू दाराजवळ आणि निळी गोकर्ण पलीकडच्या कुंपणावर. पानांतही मोठ्या पानांची झाडे जवळ, बारीक पानांची दूर. यात आपली सोयही होते, कारण अळू आणि केळ यांना मोरीचे पाणी लागते आणि मोरी घराजवळच असते. शेवगा, कढीपत्ता टोकाला राहू द्या. शेवग्याची सावली विरळ, खालचा वाफा गुदमरत नाही.

कुंपणापलीकडे शेजाऱ्याचा कडुनिंब किंवा दूरचा डोंगर दिसत असेल, तर तेवढी फट मोकळी ठेवा. जपानी माळी हे उसने दृश्य जाणूनबुजून बागेत ओढून घेतात. शेजाऱ्याला विचारायचीही गरज नाही!

राहिले पाणी. नगरचा फराहबक्ष महाल १५८३ मध्ये पुरा झाला, तो एका मोठ्या तळ्याच्या मध्यभागी. पाण्यात आभाळ उतरते आणि बांधकाम दुप्पट दिसते. आपल्याला तळे कुठून परवडणार? पण एक पसरट दगडी डोणी परवडते. ती सावलीत ठेवा, काठोकाठ भरा. आभाळाचा तुकडा जमिनीवर दिसेल, चिमण्या, बुलबुल येतील. मात्र आठवड्यातून एकदा पाणी ओतून डोणी घासून घ्या, नाहीतर डासांची वीण होते. ओतलेले पाणी कढीपत्त्याला द्या.

हे सारे एकाच वर्षी होणार नाही. यंदा मृगाच्या आधी चार खुंट्या ठोकून वाटेची दोरी तेवढी ताणून ठेवा, आणि पंधरा दिवस मुलांना तिच्यावरून चालू द्या. कुठे अडते ते तीच सांगतील, मग वाफे पाडा.