दोन सुप्रा, एक फुंकर

मोटारींची चित्रं वहीत चिकटवण्याचा नाद असेल, तर टोयोटाची 'सुप्रा' तुम्हाला ठाऊक असणारच. या जपानी गाडीच्या दोन पिढ्या आज शेजारी शेजारी उभ्या करू या. तिसरी पिढी आली १९८६ मध्ये आणि चौथी १९९३ मध्ये. थोरलीचे दिवे बटण दाबलं की डोळे उघडावेत तसे वर यायचे. धाकटी गोलसर अंगाची.

दोघींचंही टर्बो इंजिन तीन लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडर. पण अमेरिकेत थोरलीची ताकद होती सुमारे २३० अश्वशक्ती, तर धाकटीची ३२०! ही वाढ आली कुठून?

आधी टर्बो म्हणजे काय ते पाहू. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक भिंगरी फिरवतो. त्याच दांड्यावरची दुसरी भिंगरी बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल जळतं आणि ताकद वाढते. अडचण एकच: धूर कमी असला की भिंगरीला वेग घ्यायला वेळ लागतो. थोरलीत टर्बो एकच होता, त्यामुळे पाय दाबल्यावर क्षणभर वाट पाहावी लागे.

घरी करून पाहा. कागदाच्या दोन भिंगऱ्या घ्या. हलकी फुंकर दोन्हींवर वाटलीत, तर धड एकही फिरत नाही. सगळी एकीवरच मारलीत, तर ती लगेच गरगरते. धाकटीच्या इंजिनिअरांनी हेच केलं! नव्या इंजिनाला दोन टर्बो दिले. सुरुवातीला धूर एकालाच मिळे. वेग वाढून धूर पुरेसा झाला, की दुसराही कामाला लागे.

शिवाय वजन कमी करायला बॉनेट अॅल्युमिनियमचं केलं, स्टिअरिंगला मॅग्नेशियम वापरलं. गालिचाचे धागेसुद्धा आतून पोकळ ठेवले, बरं का!

गंमत म्हणजे खुद्द जपानमध्ये हीच गाडी २८० अश्वशक्तीची म्हणून विकली जाई. तिथे १९८८ मध्ये रस्त्यावरच्या अपघातांत दहा हजारांहून जास्त माणसं दगावली होती. त्यानंतर मोटार कंपन्यांनी आपसांत ठरवलं, की २८० च्या वर जायचं नाही. ही मर्यादा २००४ पर्यंत चालली.

तुम्हाला काय वाटतं, मर्यादा गाडीला हवी, की चालवणाऱ्याला? आज जेवताना आई-बाबांनाही विचारा.