सलाइनखालचा पहिला दिवस

घरांत लग्न निघालें कीं काय काय न्यावयाचें याची यादी आठ दिवस आधींपासून होऊं लागते. काशीयात्रेस निघणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचें गांठोडें तर महिनाभर बांधलें आणि सोडलें जातें. परंतु ज्या दिवशीं घरांतील एका माणसास सकाळपासून सायंकाळपर्यंत एकाच खुर्चीवर, हातांत सुई घेऊन बसावयाचें असतें, त्या दिवसाची तयारी म्हणून आपण काय करतों? फाइल घेतों, पैसे घेतों, देवास नमस्कार करतों आणि निघतों. आमच्या थोरल्या वहिनींच्या पहिल्या केमोथेरपीस आम्ही असेच निघालों होतों. त्या दिवशीं आमच्या हातून ज्या चुका घडल्या त्या दुसऱ्या एखाद्या घरांत टळाव्या, एवढ्याच हेतूनें हें लिहीत आहों.

वहिनींस स्तनाचा कर्करोग. डाव्या बाजूची शस्त्रक्रिया होऊन जखम भरली होती. पुढील उपचाराचें नांव त्यांच्यासमोर उच्चारावयाचें नाहीं, असें घरांतील वडीलधाऱ्यांनीं ठरविलें होतें. “शक्तीसाठीं बाटली चढवायची आहे,” एवढेंच त्यांस सांगितलेलें. वास्तविक फाइल त्यांच्याच कपाटांत होती आणि त्या बी. ए. झालेल्या आहेत, फाइल वाचण्यास त्यांस कितीसा वेळ लागणार? पण आपणांस ठाऊक आहे हें त्या बोलल्या नाहींत, आणि त्यांस ठाऊक असेल हें आम्हीं मनांत आणलें नाहीं.

हा दिवस इतका लांबतो कां, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. औषध चढण्याचा वेळ हा त्यांतला लहानसा भाग असतो. आधीं रक्ताचा अहवाल पाहतात, उंची व वजन मोजतात, कारण त्यांवरून औषधाची मात्रा ठरते. मग डॉक्टरांची सही होते आणि त्यानंतर औषध तयार करावयास घेतात. मळमळ व अंगावर उठणें टाळण्याचीं औषधें त्याआधीं द्यावीं लागतात. पहिल्या खेपेस कोणास काय सोसेल हें माहीत नसल्यामुळें सर्वच सावकाश चालतें. वहिनींचीं औषधें दोन तासांत संपलीं. आम्ही मात्र आठ वाजतां गेलेले पांच वाजतां बाहेर पडलों. पॅक्लिटॅक्सेल हें औषध पुष्कळदां तीन तास चालतें, आणि सिस्प्लॅटिनच्या आगेमागे इतकें सलाइन द्यावें लागतें कीं सबंध दिवस त्यांतच जातो.

आमची पहिली चूक माणसांची. आम्ही पांच जण गेलों आणि आंत सोडलें एकास. बाकीचे चौघे जिन्यावर बसून एकमेकांची काळजी वाढवीत राहिलों. दोघांनीं जावें व अदलाबदल करावी, हें बरें. आंत कोण जाणार यावर थोडी कुजबूज झाली. तेवढ्यांत सासूबाई आंत जाऊन बसल्यासुद्धां.

दुसरी चूक कपड्यांची. वहिनी नेसून आल्या होत्या ती साडी ठीक, परंतु पोलक्याच्या बाह्या कोपरापर्यंत घट्ट. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या हातांत शक्यतों सुई टोंचीत नाहींत. म्हणजे उरला उजवा, आणि त्या हातांत मनगट भरून हिरव्या बांगड्या. परिचारिकेनें त्या काढावयास सांगितलें. वहिनी सासूबाईंकडे पाहूं लागल्या. आमच्या घरांत सौभाग्यवतीचा हात कधीं रिकामा पाहिलेला नाहीं. सासूबाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं साबणाचें पाणी मागितलें आणि एकहि बांगडी वाढूं न देतां एकेक उतरविली. सगळ्या आपल्या पदराच्या टोंकास बांधल्या. हें काम आदल्या रात्रीं घरीं, कोणाच्या नजरेखाली न सांपडतां, झालें असतें. सैल, अर्ध्या बाह्यांचें पोलकें, आणि छातींत पोर्ट बसविलेलें असेल तर पुढून उघडणारें, एवढें लक्षांत ठेवावें.

तेथील गारवा आम्हीं जमेस धरला नव्हता. वातानुकूलित दालन, हातांत शिरणारें सलाइन आणि हालचाल शून्य. वहिनींचे पाय थंडगार पडले. शाल, पायमोजे व मानेखालीं घ्यावयास लहानशी उशी, या तीन वस्तूंइतकें सुख दुसऱ्या कशानें मिळत नाहीं. पण आमची यादी जशीच्या तशी कोणीं घेऊं नये. ऑक्सॅलिप्लॅटिन नांवाचें औषध असेल तर थंड पाण्याच्या घोटानेंहि घसा व बोटें झिणझिणतात. तेथें कोमट पाणी न्यावें लागतें. आपलें औषध कोणतें, हें आधीं विचारून घ्यावें.

आतां अन्नाविषयीं. रक्ततपासणीस जातात तसें उपाशीं जावें अशी पुष्कळांची समजूत असते. डॉक्टरांनीं तसें सांगितलें नसेल तर हलकें खाऊन जावें. आम्हीं वहिनींच्या आवडीची साबुदाण्याची खिचडी नेली, आणि ती मोठी चूक ठरली. त्या दिवशीं जें खावें त्याची पुढें मळमळीशी सांगड बसते व तें नकोसें होतें. आज सात महिने झाले, खिचडीचा वास आला कीं वहिनी माजघरांतून उठून जातात. आवडीचा पदार्थ त्या दिवशीं घरींच ठेवावा. मऊ भात, मेतकूट, लिंबाची फोड, आल्याची वडी पुरे. गजरा व अत्तर सोबतच्या माणसांनींहि वर्ज्य करावें.

आणि जेवावयाचें कसें, हा प्रश्न तर कोणाच्याच ध्यानांत आला नव्हता. उजव्या हातांत सुई. डाव्या हातानें जेवणें वहिनींस जमेना. त्यांनीं “भूक नाहीं” म्हणून सांगितलें. सासूबाईंनीं हात धुतले, भात कालविला आणि घास त्यांच्या तोंडाशीं नेला. या घरांत येऊन वहिनींस बावीस वर्षें झालीं. दोघींचें फारसें गूळपीठ कधींच नव्हतें. आम्ही दाराच्या कांचेतून पाहात होतों, ते बाजूस झालों.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र पिशवींत भरतां येत नाहीं. सुईच्या जागीं वहिनींस चुरचुरूं लागलें होतें व त्या गप्प बसल्या होत्या. आपल्या बायकांस सोसण्याची जी शिकवण मिळते ती येथें घातक आहे. सुदैवानें तेव्हां नुसतें सलाइन चालू होतें. परिचारिकेनें हात सुजलेला पाहून सुई दुसरीकडे घातली. त्यानंतर द्यावयाचें होतें तें डॉक्सोरुबिसिन, लालभडक. शिरेबाहेर पाझरलें तर तें आजूबाजूचें मांस जाळतें. जळजळ, दुखणें, छातींत दडपण, श्वास अडकणें, यांतलें कांहींहि वाटलें तर त्याच क्षणीं बोलावयाचें, असें रोग्यास घरूनच बजावून न्यावें.

(हें लाल औषध ज्या कुळांतील सूक्ष्म जंतूपासून निघालें, तो इटलींतील कास्तेल देल मोंते या जुन्या किल्ल्याच्या परिसरांतील मातींत सांपडला. जोडीचें सायक्लोफॉस्फामाइड हें त्याहून विलक्षण. युद्धांतील मस्टर्ड वायूच्या ज्या भावंडावर १९४२ सालीं अमेरिकेंत येल येथें रोग्यांवर प्रयोग सुरू झाले, त्याच घराण्यांतलें तें आहे.)

रात्रीं दोन वाजतां स्वयंपाकघरांत दिवा दिसला. वहिनी डबे पुसून फळीवर लावीत होत्या. मळमळीवर दिलेल्या डेक्सामेथासोननें झोंप उडते, हें आम्हांस मागाहून कळलें. मधुमेह असेल तर त्यानें साखरहि चढते. परंतु त्या जाग्या होत्या त्यास आणखी एक कारण होतें. लघवीस लाल झालें होतें. रक्तच जातें आहे अशा समजुतीनें त्या तीन तास एकट्या डबे पुसत बसल्या होत्या. त्या औषधाचा रंग एक-दोन दिवस तसा उतरतो व त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं, हें एक वाक्य तेथें कोणीं सांगितलें नाहीं. आणि आम्हीं विचारलें नाहीं, कारण त्यांच्यादेखत बोलावयाचें नाहीं असें आमचेंच ठरलें होतें. “मला काय देत आहेत तें मला सांगत जा,” एवढेंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीं फाइल मधल्या खोलींत सर्वांसमोर उघडली गेली.

त्या वाचनांतूनच पुढच्या गोष्टी कळल्या. भरपूर पाणी पिऊन वरचेवर लघवीस जाणें, कारण सायक्लोफॉस्फामाइड मूत्राशयास चावतें; पहिल्या एक-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून घरीं थर्मामीटर ठेवणें व १००.४ अंश ताप दिसतांच, घरगुती गोळी देऊन वाट न पाहतां, रुग्णालय गांठणें. शेजारच्या काकूंचा गुळवेलीचा काढा डॉक्टरांस विचारल्यावांचून न घेणें. केस दोन-तीन आठवड्यांत जातात. ते वहिनींनीं आधींच आखूड कापून घेतले. आत्याबाईंनीं डोळ्यांस पदर लावला. त्यांच्या आजीच्या पिढीनें बोडकें डोकें कशासाठीं पाहिलें होतें, तें त्यांस आठवत असावें.

एकविसाव्या दिवशीं दुसरी खेप. या वेळीं शाल, मोजे, उशी, सैल पोलकें, सारें आदल्या रात्रीं भरलें. जेवणासाठीं आम्हीं आठवणीनें चमचा घातला होता. निघतांना वहिनींनीं पिशवी उघडून पाहिली, आणि चमचा काढून फळीवर ठेवला.