कावीळ, चिठ्ठी आणि पुढचे रुग्णालय

एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास गड नदीची खाडी. मधल्या चिंचोळ्या पट्टीवर तोंडवली-तळाशीलची वस्ती. अशा गावी ताप आला की रुग्ण प्रथम जवळच्या वैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानात जातो. आरोग्यसेवेची पहिली पायरी तेथेच सुरू होते, फलक असो वा नसो.

प्राथमिक सेवा म्हणजे खालच्या दर्जाची आणि द्वितीय सेवा म्हणजे वरच्या दर्जाची, असा समज आपल्या व्यवसायबंधूंतही आढळतो. तो आम्हांस मान्य नाही. प्राथमिक सेवेत रुग्णाचे घर, शेत, पाणी व आहार ठाऊक असलेला माणूस आजार प्रथम पाहतो. त्याला जो संशय आला, त्याचे निराकरण तज्ज्ञ, प्रयोगशाळा व खाटा यांच्या बळावर करणे, ही द्वितीय सेवा. १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याने प्राथमिक सेवेच्या मनुष्यबळात गरजेप्रमाणे पारंपरिक चिकित्सकांचाही अंतर्भाव केला, हे येथे स्मरणात ठेवावे.

शासकीय रचनेत उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र ही पहिली पातळी. डोंगराळ भागात सुमारे २०,००० आणि सपाटीवर ३०,००० लोकसंख्येस एक केंद्र, असा निकष आहे. मालवण तालुक्यात आचरे येथे असे केंद्र आहे. पुढे मालवणचे ग्रामीण रुग्णालय, कणकवली व सावंतवाडीची उपजिल्हा रुग्णालये आणि ओरोसचे जिल्हा रुग्णालय ही द्वितीय पातळी. त्याहून गंभीर रुग्ण पुष्कळदा गोव्यात बांबोळीस नेले जातात.

हा भेद कागदावर सोपा वाटतो. त्याची कसोटी लागते ती पावसाळ्यात. चिखलात उभे राहून तरवा लावणाऱ्या शेतकऱ्यास ताप येतो, पोटऱ्या विलक्षण दुखतात, डोळे लाल होतात. चार-पाच दिवसांनी डोळे पिवळे दिसू लागतात. घरची मंडळी म्हणतात, ‘कावीळ झाली’, आणि आपणही कामलेचे औषध योजतो. विषाणुजन्य काविळीत डोळे पिवळे होईतो ताप सहसा उतरू लागतो. येथे ताप टिकून आहे, पोटऱ्या दुखत आहेत आणि लघवी कमी होत आहे, तर लेप्टोस्पायरोसिसचा संशय घ्यावा. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा हा आजार वृक्क व फुप्फुसे यांवर थोड्याच दिवसांत घाला घालू शकतो. डोळे पिवळे होण्यापूर्वी संशय आला, तर प्राथमिक केंद्रातच रक्त तपासणीस देता येते आणि डॉक्सिसायक्लिनसारखे औषध वेळेत सुरू होते. लघवी घटली, श्वास लागला किंवा रक्तस्राव दिसला, की ते काम द्वितीय पातळीचे. डायलिसिस भुईआवळीच्या काढ्याने होत नाही. हे वाक्य काहींना कडू लागेल, पण लिहिणे भाग आहे.

रुग्ण पुढे पाठविण्यात कमीपणा वाटत असेल, तर चरकसंहितेतील गुल्मचिकित्सा पाहावी. गुल्म पक्व झाला की तेथे धान्वंतर संप्रदायाच्या शल्यवैद्यांचा अधिकार, असे स्वतः कायचिकित्सेचा आचार्य सांगतो.

मात्र ‘मालवणला जा’ एवढे तोंडी सांगून भागत नाही. चिठ्ठीवर तापाचा पहिला दिवस, चिखलातील कामाचा उल्लेख, लघवीचे प्रमाण आणि आपण दिलेल्या प्रत्येक कल्पाचे नाव हवे. भस्म किंवा रसकल्प दिला असेल तर तोही न लपविता. औषध दुकानदारांनी पोटऱ्यांच्या दुखण्यावर वेदनाशामक गोळ्या परस्पर देऊ नयेत. आधीच त्रासलेल्या वृक्कांस त्या अधिक घातक ठरतात.

रुग्णालयातून घरी आलेला रुग्ण पुन्हा आपल्याच दारी येतो. तेव्हा प्रथम त्याचे सुटीचे कागद मागून घ्यावेत, क्रिएटिनिनचा शेवटचा आकडा पाहावा आणि मगच पथ्य व बल्य औषधे ठरवावीत.