न शमणारी भूक आणि शाळेतील व्यवस्था

वर्गातील डबे नाहीसे होतात, घेणारा सापडतो, त्यास शिक्षा होते आणि आठवडा उलटण्यापूर्वी पुन्हा तोच प्रकार घडतो. अशा वेळी शिक्षकाने प्रथम एक साधी गोष्ट पहावी : मूल घरून उपाशी येते काय? खेड्यातील शाळेत दुसऱ्याचा डबा उघडणारे मूल बहुधा खरोखरच भुकेलेले असते, व त्यावर पोटभर जेवण हाच उपाय होय. परंतु क्वचित असेही एखादे मूल आढळते की, ज्याचे पोट भरलेले असते व भूक मात्र शमलेली नसते. पोट भरल्याची जाणीव मेंदूच्या ज्या भागात व्हावयाची, तेथील कार्यच बिघडलेले असते. प्राडर-विली या जन्मजात विकाराचे हे सर्वांत त्रासदायक लक्षण आहे.

झुरिच येथील प्राडर, लाभार्ट व विली या डॉक्टरांनी १९५६ साली या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. साधारणपणे दहा ते तीस हजार जन्मांमागे एका बालकात तो आढळतो. गुणसूत्रांच्या १५ व्या जोडीतील एक गुणसूत्र मातेकडून व एक पित्याकडून येते. त्यातील एका लहानशा भागातील काही जनुके केवळ पित्याकडील प्रतीवरच कार्य करतात. मातेकडील प्रत त्या ठिकाणी मूक असते. पित्याकडील तो भाग गळाला, किंवा दोन्ही गुणसूत्रे मातेकडूनच आली, म्हणजे हा विकार उद्भवतो. बहुतेक कुटुंबांत ही केवळ योगायोगाची घटना असते. मातेच्या खाण्यापिण्याचा, ग्रहणाचा किंवा कोणाच्या नजरेचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही, हे पालकभेटीत आवर्जून सांगावे. कारण आईस बोल लावणारे गावात पुष्कळ असतात.

हे मूल जन्मतः अत्यंत ढिले असते. त्यास अंगावर ओढून पिता येत नाही, रडणेही क्षीण असते. दोन वर्षांनंतर वजन वाढू लागते, आणि पुढे, बहुधा आठव्या वर्षाच्या सुमारास, अनावर भूक प्रकट होते. म्हणजे शिक्षकाच्या हाती येते ते हेच वय. उंची कमी, हातपाय लहान, उच्चार अस्पष्ट, दिवसा डुलकी लागण्याची सवय, गणितात मागे. मात्र चित्रांचे तुकडे जुळविण्यात पुष्कळदा वर्गातील हुशार मुलांनाही मागे टाकील, असे हे मूल असते. स्नायू दुर्बल असल्याने त्यास समवयस्कांहून बरेच कमी अन्न पुरते, आणि हवे असते मात्र कितीतरी अधिक.

वर्तनोपचार म्हणजे चांगल्या वागणुकीस बक्षीस व वाईट वागणुकीकडे दुर्लक्ष, अशी समजूत रूढ आहे. या मुलाच्या बाबतीत ती अपुरी ठरते. तहान जशी उपदेशाने जात नाही, तशी ही भूकही शिक्षेने वा बक्षिसाने जात नाही. म्हणून येथे उपचार मुलावर कमी व त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेवर अधिक करावयाचा असतो. पिट्सबर्ग येथील डॉ. फोर्स्टर व डॉ. गोराश यांनी याचे सूत्र थोडक्यात मांडले आहे : जेवण केव्हा व काय मिळेल याविषयी मुलास शंका राहू नये, ठरल्याहून अधिक मिळण्याची आशा राहू नये, म्हणजे निराशेचा प्रसंगही येत नाही. यातील आशेची बाब दयाळू माणसास कठोर वाटते. परंतु दहा वेळा नाही म्हणून अकराव्या वेळी दिलेले एक बिस्किट त्या मुलास पुढील महिनाभर मागत व शोधत ठेवते. स्पष्ट व कायमचा नकारच त्याच्या मनास विसावा देतो.

व्यवहारात याचा अर्थ असा. सर्व मुलांचे डबे वर्गात न ठेवता कार्यालयातील कपाटात कुलपात ठेवावेत. पोषण आहाराच्या खोलीस कडी व कुलूप असावे. या मुलाचे ताट डॉक्टरांनी किंवा पालकांनी ठरवून दिलेल्या मापाने एकदाच वाढावे व त्यास पातेल्यांपासून दूर बसवावे. खिचडी उरली म्हणून स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी मायेने पुन्हा वाढू नये. जेवणाची वेळ घड्याळावर न सांगता क्रमाने सांगावी : ‘गणितानंतर जेवण’. घंटा पाच मिनिटे उशिरा झाली तर घड्याळ खोटे ठरते, क्रम ठरत नाही. वाढदिवसाच्या गोळ्या व १५ ऑगस्टचा खाऊ यांविषयी आधीच पालकांशी ठरवावे. खाऊ बक्षीस म्हणून देऊ नये, आणि शिक्षा म्हणून जेवण तर कदापि तोडू नये. शाबासकीसाठी शिक्का, चिकटचित्र किंवा तुकडे जुळविण्याचा खेळ पुरे.

दुसरी अडचण बदलाची. बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली असे दाखविले की, एका कामावरून दुसऱ्यावर मन वळविणे या मुलांना जड जाते, आणि अनपेक्षित बदल झाला की तोच तो प्रश्न विचारणे व संतापाचा उद्रेक यांचा त्या अडचणीशी संबंध असतो. यास्तव दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा व बदल होणार असल्यास तो आधी त्या चित्रांत दाखवावा. शिक्षकांच्या तोंडी सहज येणारे ‘बघू’ व ‘नंतर’ हे दोन शब्द या मुलापुरते टाळावेत. प्रश्नाचे उत्तर एकदा द्यावे. पुन्हा विचारल्यास ‘मी काय सांगितले?’ असे विचारून त्याच्याच तोंडून ते वदवावे. उद्रेक झालाच तर इतर मुलांना बाजूस न्यावे, वाद घालू नये, शक्य तितके कमी बोलावे व तो ओसरू द्यावा.

अन्न घेतलेच, तर ‘तू घेतलेस काय?’ असे विचारून मुलास खोटे बोलण्याच्या वाटेवर लोटू नये. ज्याचा डबा गेला त्यास जेवण द्यावे, आणि कुलूप कोणी उघडे ठेवले ते पहावे. मुलाच्या वर्गमित्रांना, पालकांच्या संमतीने, एवढेच सांगावे की खाऊ दिल्याने हा आजारी पडतो.

एक धोका ध्यानात ठेवलाच पाहिजे. या मुलांना वेदना कमी जाणवतात व उलटी क्वचितच होते. म्हणून पोट दुखल्याची तक्रार किंवा उलटी, विशेषतः जत्रा, लग्न वा महाप्रसादानंतर, दिसताच त्वरित रुग्णालय गाठावे. अतिखाण्याने जठर फाटून मृत्यू ओढवल्याची उदाहरणे आहेत.

निदान हे शिक्षकाचे काम नव्हे. जन्मतः ढिलेपणा, नंतरची स्थूलता व अन्नाचा ध्यास हा क्रम आढळल्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास कळवावे. रक्ताच्या जनुकीय तपासणीने निर्णय होतो. अमेरिकेत या मुलांसाठी २००० साली वाढीच्या संप्रेरकास व २०२५ साली भुकेवरील एका औषधास मान्यता मिळाली. तथापि औषधाने कुलपाची गरज संपत नाही.

मूल दुसऱ्या शाळेत जाईल तेव्हा ही सर्व व्यवस्था तेथील मुख्याध्यापकांना लेखी कळवावी. नव्या शाळेच्या वाटेवर दुकाने किती, स्वयंपाकाच्या खोलीस कडी आहे काय, व मुलासोबत कोण जाणार, हे शाळा उघडण्यापूर्वीच पाहून ठेवावे.