व्हिएन्नाच्या ऑपेराला नेसू काय?

"सून म्हणते, पायघोळ झगाच शिवून आणा, साडीकडे लोक टक लावून बघतील. खरंच का हो?" डिसेंबरात लेकाकडे व्हिएन्नाला निघालेल्या आमच्या प्रभादेवीच्या शेजारीणबाईंचा हा प्रश्न. रवींद्र नाट्य मंदिरात नाटकाला जाताना असा पेच त्यांना कधी पडला नव्हता. जरीकाठी साडी, अंबाड्यावर गजरा, आतल्या गारव्याला शाल, झाले!

तर भगिनींनो, १८६९ साली उघडलेल्या तिथल्या ऑपेरागृहात एरवीच्या खेळाला पोशाखाचा कडक नियम नाही. नीटनेटके असले म्हणजे पुरे. वर्षातून एकदा 'ऑपेरा बॉल' भरतो, तेव्हा मात्र पुरुषांना शेपटीचा कोट आणि स्त्रियांना पायघोळ झगा लागतो. आपली साडी तर मुळातच पायघोळ!

काळजी करायची ती थंडीची. परकराखाली लोकरीची विजार, लांब बाह्यांचे गरम पोलके, जाड मोजे व बूट घालावेत. रस्त्यात बर्फाचा चिखल असतो. निऱ्या चार बोटे वर घ्याव्यात. चपला पिशवीत न्याव्यात, आत गेल्यावर बदलाव्यात. ओव्हरकोट क्लोकरूममध्ये द्यावा.

१८८३ साली अमेरिकेला गेलेल्या आनंदीबाई जोशींनी साडी सोडली नाही. नऊवारीत पाय उघडे पडतात, म्हणून नेसण्याची तऱ्हा तेवढी बदलली.

शेजारीणबाईंनी ऐकून घेतले, पैठणी बॅगेत ठेवली आणि लोकरीच्या विजारीसाठी दादरची वाट धरली.