सही करण्याआधी थांबा

आजचा विषय एका फोनमुळे सुचला. माझ्या पलटणीतला एक जुना हवालदार, मूळचा साताऱ्याकडचा, पेन्शन आल्यावर बडोद्यात एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षारक्षक म्हणून लागला. ठेकेदारामार्फत, सात वर्षे सात महिने. एका संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "उद्यापासून येऊ नका, इथे सही करा." त्याने केली. कागद राजीनाम्याचा निघाला. "साहेब, हुकूम आला की मानायची सवय," असं तो म्हणाला. ती सवय आम्हीच लावलेली, म्हणून मला जास्त लागलं.

तर पहिली गोष्ट. वाचल्याशिवाय सही नाही. दबावाखाली झालीच, तर दोन-तीन दिवसांत ठेकेदाराला पत्र पाठवा : राजीनामा मी स्वखुशीने दिलेला नाही, मी कामावर यायला तयार आहे. स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. उशीर झाला की समोरचा म्हणतो, तेव्हा का नाही बोललात?

दुसरी गोष्ट, पुरावा. नियुक्तिपत्र दिलंच नसेल तर घाबरू नका. बँकेचं पासबुक, पीएफचं पासबुक, ईएसआयचं कार्ड, गेट पास, ड्युटीचे व्हॉट्सॲप मेसेज, हे सगळं नोकरी होती याचा पुरावा आहे. मोबाइल कंपनीचा असेल तर परत देण्याआधी मेसेज उतरवून घ्या.

तिसरी, हुद्द्याला भुलू नका. आमच्या हवालदाराच्या कार्डावर 'सुपरवायझर' लिहिलं होतं, म्हणून ठेकेदार म्हणे, तुम्ही कामगारच नाही. पण न्यायालय कार्ड बघत नाही, रोजचं मुख्य काम बघतं. हा गडी तर आठ तास गेटवर उभा राहून गाड्यांची नोंद करत होता.

आता हिशेब. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वेतन संहितेप्रमाणे नोकरी सुटल्यावर, मग राजीनामा असो वा बडतर्फी, राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत मिळायला हवा. ठेकेदाराने बुडवला तर ज्या कारखान्यात काम केलं तो मूळ मालक जबाबदार.

ग्रॅच्युइटी पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर मिळते, राजीनामा दिला तरी. शेवटचं वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षे. सहा महिन्यांहून जास्त काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून याची आठ वर्षे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये. म्हणजे ६०० गुणिले १५ गुणिले ८, एकूण ७२,००० रुपये. मुदत ३० दिवस.

काढून टाकल्याबद्दल दाद कुठे मागायची? समेट अधिकाऱ्याकडे. युनियन नसली तरी एकटा कामगार जाऊ शकतो. खासगी कारखाना असेल तर बहुधा राज्याच्या कामगार खात्यात, आणि तेही जिथे नोकरी केली त्या राज्यात. बडोद्याच्या नोकरीसाठी साताऱ्यात अर्ज करून उपयोग नाही. दोन वर्षांच्या आत जा. समेट झाला नाही, तर अधिकाऱ्याचा अहवाल हाती आल्यापासून ९० दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो.

वकिलाचे पैसे नाहीत? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे औद्योगिक कामगाराला आणि प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय असतं. फोन नंबर १५१००. गुजराती किंवा तमिळमध्ये अर्ज लिहायची अडचण असेल, तर तिथेच मदत मागा.

एक खरं सांगतो. नोकरी परत मिळवण्याचा दावा वर्षानुवर्षे चालू शकतो. त्यामुळे समेटाच्या टेबलावर भरपाईचा आकडा आला तर घरी बसून शांतपणे हिशेब करा, मग ठरवा. रागाने नाही, आणि भीतीनेही नाही.

आमच्या हवालदाराने चौथ्या दिवशी पत्र टाकलं. समेट अधिकाऱ्याकडच्या दुसऱ्या तारखेला राहिलेला पगार आणि ७२,००० रुपये मान्य झाले आणि खात्यात आलेही. नोकरीचा वाद अजून चालू आहे. परवा त्याचा फोन आला, "साहेब, आज पण एक कागद दिला होता. म्हटलं, घरी नेऊन वाचतो."

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.